डोळ्याखालचा भवरा

जाहिरात तीन ओळींची होती. ‘कुमेत घोडी, वय तेरा, उंची ५१ इंच, शांत. लहान मुलं, ओझं, डोंगरवाट, शेरडं-मेंढरं वळणं, सगळ्याला चालते. सासवडजवळ.’ खाली चार फोटो. पहिल्या दिवशी एकवीस फोन आले. त्यातल्या एकानंही ‘शांत म्हणजे कशी शांत?’ असं विचारलं नाही. विचारणं दोनच गोष्टींचं: इंच किती, आणि भवरे दाखवा.

इंच लिहिलेलेच होते, पण लोकांना वाटायचं मी चुकून एकावन्न लिहिलं, एकसष्ट असेल. एकावन्नच म्हटल्यावर बरेच जण ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवायचे. उरलेल्यांची गाडी भवऱ्यांवर यायची.

ज्यांचा घोड्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. कुमेत म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची. आणि भवरे म्हणजे? आपल्या डोक्यावर जसा केसांचा भोवरा असतो, तसे घोड्याच्या अंगावर चार-सहा ठिकाणी असतात, आणि कुठला भवरा कुठे आहे यावर घोड्याचं नशीब ठरतं. घोड्याचं म्हणजे मालकाचं. गळ्याशी असला तर तो देवमण, फार शुभ. पायावर खाली तोंड करून असला तर खुंटगाड, मालकाचा खुंटा घट्ट रोवणारा. वर तोंड करून असला तर खुंटउपाड. आणि डोळ्याच्या खाली असला तर आसूढाळ. आसवं ढाळायला लावणारा. अशी घोडी दारात बांधू नये म्हणतात.

आमच्या शेवंतीच्या डाव्या डोळ्याखाली तीन बोटांवर, रुपयाच्या नाण्याएवढा, अगदी रेखीव आसूढाळ आहे.

आता कबूल करायला हरकत नाही, ते चारही फोटो मी उजव्या बाजूनं काढले होते. मुद्दाम. नवऱ्यानं जाहिरात पाहिली आणि एवढंच म्हणाला, “गिऱ्हाईक आलं की त्यालाही उजवीकडंच उभा करणारेस का?” दुसऱ्या दिवशी मी डावा फोटो टाकला, खाली ‘डाव्या डोळ्याखाली भवरा आहे’ असं लिहिलं. फोन एकविसावरून तीनावर आले.

शेवंती आमच्याकडे नऊ वर्षांपूर्वी आली, फलटणकडच्या एका धनगरवाड्यावरून, अठरा हजारांना. इतकी स्वस्त कशी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आम्हाला भवरा ही भानगडच ठाऊक नव्हती. दोन महिन्यांनी नालबंद आला, त्यानं तिचं तोंड वळवलं आणि खुराऐवजी डोळ्याकडेच बघत बसला. मग कळलं. या नऊ वर्षांत आमच्यावर कोसळलेलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे चारशे फुटांवर कोरडी गेलेली बोअर. शेजाऱ्यांच्या तीन गेल्या, आणि त्यांच्याकडे घोडी नाही.

आमचं शेत म्हणजे अंजीर, सीताफळ आणि तीसेक शेळ्या. शेवंतीनं काय केलं नाही ते विचारा. घासाच्या पेंढ्या वाहिल्या, खताची पोती वाहिली, शेळ्यांमागं फिरली. शनिवार-रविवारी पाहुणे यायचे तेव्हा त्यांच्या पोरांना घेऊन सोनोरीतून मल्हारगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायची. गड छोटा, मराठ्यांच्या अगदी शेवटच्या काळातला. वाट सोपी पण घसरडी मुरमाची. तिथे तिचं वागणं बघण्यासारखं असे. पोरगं पाठीवर एका बाजूला कललं की ती थांबायची. सांगायला लागायचं नाही. पोरगं सरळ बसलं की पुन्हा चालायला लागायची. आषाढात पालखी दिवे घाट चढून सासवडला येते, तेव्हा रस्त्याकडेच्या गर्दीत तिला घेऊन मी उभी राहिलेय. टाळ, मृदंग, कर्णे, माणसांचा पूर, आणि ही एक पाय सैल सोडून डुलक्या काढतेय.

मग विकायची का? मुलगी कॉलेजसाठी पुण्यात गेली. घोडी खरं तर तिची. माझी कंबर दोन वर्षांपासून धरलेली आहे, नवऱ्याला जनावरात रस नाही. शेवंती रिकामी उभी राहून सुटायला लागली. रिकाम्या घोड्याला चंदी आणि हिरवा घास मिळत राहिला की चरबी चढते आणि ती शेवटी पायांवर उतरते. खुरांच्या आत सूज येते, घोडं टाच टेकून, पुढचे पाय लांब टाकून उभं राहायला लागतं. डॉक्टरांनी तिची मानेवरची चरबी दोन बोटांत धरून दाखवली आणि म्हणाले, “हिला काम द्या, नाहीतर काम असलेल्या घरी द्या.” ते ऑगस्टमध्ये.

भाव काय सांगायचा याचा अंदाज यावा म्हणून एका मंगळवारी येवल्याला गेले. येवला म्हटलं की बायकांना पैठणी आठवते, पण तिथला मंगळवारचा घोडेबाजार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. घोडी नेली नव्हती, नुसती बघायला. दोन तास हिंडले. मारवाडी घोड्यांचे वळून एकमेकांना टेकलेले कान, नुकरे, अबलख, पंचकल्याणी, रंगानुसार भाव चढतो-उतरतो. माणसं घोडा पळवून बघतात, चाल बघतात, दात बघतात, मग दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव बोलतात. तोंडानं मात्र पावसाच्या गप्पा चाललेल्या.

एका दलालाला मी माझ्या घोडीचं वर्णन केलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, शांत तर सगळीच असतात. इथं एक दाखवा ज्याचा मालक म्हणतो लाथ मारतं.” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उंची मोजता येते, रंग दिसतो, चाल दिसते. शांतपणा कुठल्या पट्टीनं मोजणार? उलट बाजारात गप्प उभ्या घोड्याकडे लोक संशयानं बघतात. पहाटेपासून पळवून दमवलंय का, उपाशी ठेवलंय का, काही पाजलंय का. त्या माणसानं मला एक गोष्ट फुकट शिकवली: “गिऱ्हाईकाला वेळ देऊ नका. म्हणावं, कधीही या, न कळवता या. आणि घोडी बांधलेली दाखवू नका, सुटी दाखवा. रानातून धरून आणताना बघू दे.”

ते मी पाळलं. पण आधी कागद.

डॉक्टरांना बोलावून धनुर्वाताची लस दिली आणि ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्त घेतलं. हा घोडे-गाढवांचा रोग, माणसालाही होतो, आणि पॉझिटिव्ह निघालं तर जनावर मारावंच लागतं. कायदाच तसा आहे. शेवटचा शब्द हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा असतो. मला माहीत होतं की तिला काही झालेलं नाही, नाक कोरडं, अंगावर गाठ नाही. तरी अहवाल येईपर्यंत झोप नीट लागली नाही. विकायला निघालं की घोडीत काय काय निघेल याची भीती वाटते, घरात होती तेव्हा वाटत नव्हती.

आणि निघालंच एक. वय. घेताना धनगरानं ‘चार वर्सं’ सांगितलं होतं, म्हणजे आता तेरा. डॉक्टरांनी वरचा ओठ उचलला आणि सगळ्यात कडेच्या दातावर नख ठेवलं. हिरडीतून एक तपकिरी खाच खाली उतरलेली, दाताच्या बरोबर मध्यापर्यंत. “ही दहाच्या सुमाराला हिरडीशी दिसायला लागते, पंधराला अर्ध्यात येते, विसाला खालपर्यंत जाते,” ते म्हणाले. “तुमची पंधराची आहे.” जाहिरातीत मी तेरा लिहिलं होतं. बदललं. फोन तीनावरून एकावर.

याच सुमाराला एका गृहस्थांनी फोनवर सुचवलं की ‘भीमथडी’ असं लिहा, भाव दुप्पट होईल. भीमेच्या काठच्या या बुटक्या, काटक घोड्यांना अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिलीय, तेव्हापासून मागणी आहे. धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली जनावरं ती. शेवंती तशीच दिसते, आलीही तिथूनच. पण तिची आई कोण, बाप कोण, मला काय माहीत? लिहिलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, “तू विकायला निघालीस की घोडीची कुंडली मांडायला?”

प्रत्यक्ष बघायला तिघं आले.

पहिला खेडकडचा तरुण. त्याच्याकडे शर्यतीच्या बैलगाड्याची बारी आहे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढं घोडी पळते ना, त्यासाठी हवी होती. शेवंतीला रानातून धरून आणताना त्यानं पाहिलं, पाठीवर बसला, टाच मारली. ती दुडकी चालीनं बांधापर्यंत गेली आणि तिथे गवत खायला लागली. तो हसून उतरला. “ताई, हिला बैलांच्या मागं लावावी लागंल.” चहा घेऊन गेला. चांगला मुलगा.

दुसरा वरातीवाला. फोटोत रंग दिसत असूनही पांढरी असेल अशा आशेनं आला होता. त्याच्याविषयी एवढंच.

तिसरा थंड हवेच्या एका ठिकाणी पर्यटकांना घोड्यावरून फिरवण्याचा धंदा करणारा. हा जाणकार होता. खूर उचलून बघितले, पाठीवरून हात फिरवून जुन्या जखमा शोधल्या, पोटाखालून आरपार गेला, शेपटी ओढली. अडतीस हजार म्हणाला. मी पंचेचाळीस सांगितले होते, म्हणजे सौदा व्हायला काही अडचण नव्हती. मग त्यानं तिचं तोंड डावीकडून बघितलं. मी म्हटलं, “भवरा जाहिरातीत लिहिलाय.” तो म्हणाला, “वाचलं. भवऱ्याचं काय, कात्रीनं केस कमी केले की चार महिने दिसत नाही.”

तेवढ्यावर मी अडले. तसं त्याचं काय चुकलं होतं? पण मला दिसायला लागलं की हा पुढच्याला विकताना वयही तेराच सांगणार, किंवा दहा. आणि रोज सात-आठ तास अनोळखी माणसं, शनिवारी दहा. कलत्या पोरासाठी थांबली तर मागून दोरीचा फटका, कारण फेऱ्या मोजल्या जातात. ‘कळवते’ म्हटलं. नवरा त्या रात्री जेवताना बोलला नाही. अडतीस हजार आहेत, त्याचंही बरोबरच होतं.

दसऱ्यानंतर आठवड्यानं शेजारच्या रानात वाडा उतरला. धनगरांच्या पाच-सहा बिऱ्हाडांचा तळ म्हणजे वाडा. फलटण-माणकडचे लोक पावसाळा संपला की मेंढरं घेऊन निघतात, भोरवरून कोकणात उतरतात आणि जेठात परततात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी, बदल्यात धान्य किंवा पैसे. यांनी माझी जाहिरात वाचण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी एक बाई बांधावर येऊन उभी राहिली. पंचविशीतली, कडेवर मूल. “ताई, ही घोडी इकायची हाय म्हनं?”

त्यांचं घोडं वाटेत जेजुरीजवळ मेलं होतं, पोटात कळ येऊन. बिऱ्हाड दोन दिवस माणसांच्या डोक्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती, तिचा नवरा आणि सासू आले. आजींनी शेवंतीला समोरून बघितलं आणि चार पावलं मागं सरकल्या. “आसूढाळ हाय ही. चल.” लेकाची मान लगेच हलली. सुनेनं मात्र मूल माझ्याकडे दिलं, पदर खोचला आणि घोडीकडं गेली.

तिनं शांतपणा कसा तपासला ते सांगते. आधी बराच वेळ काहीच केलं नाही, नुसती तिच्या खांद्याला टेकून सासूशी बोलत राहिली. मग पुढचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला, घोडी वैतागते का बघायला. शेवंतीनं तिच्या पाठीवर मान टाकली. मग जर्मनचं पातेलं आणि उलथणं आणून कानाशी वाजवलं. मग कोंबड्यांचं डालगं. आत पाच कोंबड्या, सगळ्या कलकलत. ते पाठीवर ठेवून सैल दोरीनं बांधलं, मुद्दाम सैल, म्हणजे घसरेल. घसरलं. पोटाखाली लोंबायला लागलं, कोंबड्या पंख फडफडवतायत. मी पुढं झाले तर तिनं हातानं थांबवलं. शेवंती उभी. फक्त मान वळवून डालग्याकडं बघितलं आणि फुरफुरली.

मग सगळं बिऱ्हाड लादलं. वागर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, भांडी, घोंगडी, वर दोन कोकरं, आणि सगळ्यात वर तीन वर्षांची थोरली पोर. ओढ्यातून नेऊन आणलं.

मी म्हटलं, “एक सांगायचं राहिलंय. फडफडणाऱ्या ताडपत्रीला घाबरते.” हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. एकदा वादळात शेडची निळी ताडपत्री उडून तिच्या अंगावर आली होती, तेव्हापासून. सुनेनं कपाळाला हात लावला, कारण त्यांचं घरच ताडपत्रीचं. एक जुनी आणली, जमिनीवर पसरली, त्यावर मूठभर बाजरी टाकली आणि लांब जाऊन बसली. पाऊण तास गेला. शेवंती कडेला उभी राहून मान लांब करकरून पोचतील तेवढे दाणे टिपत होती. शेवटी एक पाय ताडपत्रीवर. “हुईल,” ती म्हणाली. “आठ दिसांत वर निजंल.”

आजी अजून बांधावरच. “इस्तव घरात न्यायचा आन्‌ मग बोंबलायचं.”

सून म्हणाली, “आत्ये, देवमणवालं मेलं की जेजुरीपाशी. भवरा काय वझं उचलतुय व्हय?”

आजी काही बोलल्या नाहीत. जरा वेळानं उठल्या, शेवंतीजवळ गेल्या, कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला आणि बरोबर त्या भवऱ्यावर बोट दाबून लावला. मी तिथं समजले की सौदा झाला.

पैशांचं बोलणं नवऱ्यांनी केलं. चोवीस हजार रोख आणि दोन माद्या कोकरं. अडतीसच्या मानानं कमीच. माझ्या नवऱ्यानं कोकरं उलटीपालटी करून बघितली, त्यांचे भवरे कुठं आहेत म्हणून मला विचारलं आणि हो म्हणाला.

एका साध्या कागदावर लिहून दिलं: रंग कुमेत, उंची ५१ इंच, वय पंधरा, डाव्या डोळ्याखाली आसूढाळ, लस या तारखेला, रक्ततपासणीचा अहवाल सोबत, अमुक रकमेला विकली, रक्कम पोचली. दोन प्रती, दोन सह्या, आजींचा अंगठाही घेतला, त्यांनी आग्रह केला म्हणून. शिवाय तोंडी सांगत सुटले. रोज किलोभर भरडा, त्याहून जास्त नको. खूर दीड-दोन महिन्यांनी नालबंदाला दाखवायचे. उजव्या बाजूनं खोगीर आवळलं तर पोट फुगवते, दोन मिनिटांनी पुन्हा तंग ओढायचा. सून ऐकून घेत होती, पण मला दिसत होतं की यातलं तिला सगळं ठाऊक आहे. मुलीनं व्हिडिओ कॉलवर घोडीला बघितलं, ‘तिला फोनमध्ये काही कळत नाहीये’ म्हणाली आणि कॉल बंद केला.

पहाटे वाडा हलला. मी गेले नाही बघायला. घंटांचा आवाज ओढ्याच्या पलीकडं गेला तोवर चहा गार झाला होता.

पाचव्या दिवशी फोन. भोरच्या अलीकडून कुठून तरी, रेंज तुटक. सूनच होती. “ताई, समदं ब्येस हाय, पन चालाय लागली की थांबतच न्हाय बगा. हो म्हनलं, थांब म्हनलं, च्यक च्यक केलं. पार फुडं जाती मेंढरांच्या.”

एवढं सगळं सांगितलं आणि हेच राहिलं होतं. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना तिनंच शेवंतीला शिकवलं. ताटात भाजी वाढताना ती मला म्हणायची तेच.

“बास म्हण,” मी म्हटलं.

“आँ?”

“बास. नुसतं बास.”

फोन तिनं तसाच हातात ठेवला असावा. वारा, मेंढरांचं बें बें, खुरांचा आवाज. मग तिचा लांबून आवाज आला, “बास!” आणि खुरं थांबली.